ट्रिप ३५, केबी१० आणि मे महिन्यात घरी धुतलेला रोल

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंजनगाव सुर्जीकडच्या एका पोराला घरच्या माळ्यावर काकाचा ऑलिम्पस ट्रिप ३५ कॅमेरा सापडला, दोस्ताकडे कोडॅकचा केबी१० कॅमेरा पडून आहे, आणि दोघांना ब्लॅक अँड व्हाइट रोल टाकून पाहायचाय. तालुक्याचा स्टुडिओवाला म्हणते आता रोल कोणी धूत नाही, बाहेर पाठवायचा तं जाण्यायेण्याचा खर्च रोलच्या वर जाते. मंग घरीच धुवायचा का, आणि धुवायचा तं उन्हाळ्यात कसा, कारण जिथे पाहावं तिथे औषधाचं तापमान २० अंश सेल्सिअस लिहिलेलं आणि यांच्या नळाला मे महिन्यात ३५ अंशाचं पाणी.

हाव, घरीच धू. ब्लॅक अँड व्हाइट रोल रंगीत रोलपेक्षा सोपा आहे. कलरच्या सी-४१ प्रोसेसला ३७.८ अंश काटेकोर लागतात, ब्लॅक अँड व्हाइट बिचारं १८ पासून २८ पर्यंत कुठेही तयार होते, फक्त मिनिटं बदलावी लागतात. आणि डार्करूम लागते हे पहिले डोक्यातून काढ, डार्करूम प्रिंटसाठी लागते. रोल धुवायला फक्त रोल औषधाच्या उजेडबंद टाकीत भरेपर्यंतच अंधार लागते, तो रात्री लाइट गेल्यावर गावात फुकट मिळते, नाही तं चेंजिंग बॅग घे, म्हणजे हात घालायच्या बाह्या असलेली उजेडबंद पिशवी.

आधी कॅमेऱ्याचं पाहू, कारण अर्धे रोल टाकीत नाही, कॅमेऱ्यातच बिघडतात.

ट्रिप ३५ हा १९६७ ते १९८४ पर्यंत बनत होता, लेन्स ४० एमएम एफ २.८ (एफ चा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र, म्हणजे अॅपर्चर, लहान), बॅटरी नाही. लेन्सभोवती जी दाणेदार गोल काच दिसते तो सेलेनियम सेल, उजेड पडला का तोच वीज बनवते. तो जिवंत आहे का हे पाहायचं तं रिंग ए वर ठेव, आत बसून लेन्सवर तळहात झाक आणि बटण दाब. व्ह्यूफाइंडरमधे लाल झेंडी वर आली पाहिजे आणि शटर उडायला नको. मंग अंगणात ये, उन्हाकडे कॅमेरा कर, आता झेंडी न येता क्लिक झालं पाहिजे. दोन्ही झालं तं सेल चालू आहे. उन्हातही झेंडीच येत असन तं सेल गेला, त्याच्यावर पैसे लावण्यापेक्षा दुसरा कॅमेरा पाह्य. मागच्या दाराच्या खाचेतला काळा फोम इतक्या वर्षांत गुळाच्या पाकासारखा चिकट झालेला राहते, आपल्याकडच्या गरमीत तं जास्तच, तो काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने पुसून काढ आणि खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसव, झालं काम. महागडी सीलची किट मागवायची काही गरज नाही.

ट्रिपची रिंग ए वरच राहू दे. कित्येक जण हुशारी करून उन्हात एफ १६ वर फिरवतात, पण नंबरवर फिरवलं का शटर सेकंदाच्या ४०व्या भागावर अडकते, ती सोय फ्लॅशसाठी आहे. ए वर असला का कॅमेरा स्वतः ४० किंवा २०० यातलं शटर निवडते, त्याच्याजवळ ही दोनच आहेत. फोकस चार चित्रांवर, एक डोकं, दोन डोकी, तीन माणसं आणि डोंगर. लोक डोंगरावर ठेवून विसरतात आणि मंग समोरच्या माणसाचं नाक मऊ येते. भर उन्हात तीन माणसांवर ठेव, ते साधारण ३ मीटर, आणि कॅमेरा एफ १६ च्या आसपास जाते म्हणून पावणेदोन मीटरपासून पार धुऱ्यापर्यंत सगळं स्वच्छ येते. सावलीत अॅपर्चर उघडते तेव्हा मात्र अंदाज नीट लाव, तिथे माफी नाही.

केबी१० म्हणजे फिक्स फोकसचा प्लास्टिक डबा, त्याला नावं ठेवू नको, लग्नाकार्यातले लाखभर फोटो अशाच कॅमेऱ्यांनी काढले. त्याला मीटर नाही, त्याच्यात काही ठरवायचं नाही. असल्या कॅमेऱ्यात शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आणि अॅपर्चर एफ ८ च्या आसपास धरून चालायचं. आता हिशोब कर. उन्हातला जुना नियम असा का एफ १६ वर शटर फिल्मच्या स्पीडइतकं. म्हणजे १०० स्पीडची फिल्म या डब्यात भर उन्हात दोन स्टॉप जास्त घेते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा अर्धा), झाडाखालच्या सावलीत एक स्टॉप कमी. हे दोन्ही निगेटिव्ह सहन करते. ४०० ची टाकली तं उन्हात चार स्टॉप जास्त, आभाळ आणि पांढरा शर्ट एकच होऊन जाते. म्हणून केबी१० मधे दिवाळीपासून जूनपर्यंत १०० ची आणि पावसाळ्यात ४०० ची, एवढंच लक्षात ठेव. रोलच्या मधात ऊन-सावली बदलली तं बदलू दे.

ट्रिपमधे ४०० ची टाक, पण उन्हात फिल्मच्या स्पीडची डायल २०० वर ठेव. काऊन, तं सांगतो. ४०० वर ठेवला तं भर उन्हात कॅमेरा २०० शटर आणि एफ २२ वर जाऊन भिडते, तिथून पुढे त्याला जागा नाही. आणि आपलं मार्च ते जूनचं ऊन असं का टोपीखाली चेहरा पार काळा. मीटर बिचारं सगळ्याची सरासरी काढते, त्याला काय माहीत तुला चेहरा पाहिजे का मागचं तापलेलं वावर. २०० वर ठेवलं का एक स्टॉप जास्त उजेड आत जाते, सावलीत काही तरी लिहिल्या जाते, आणि उजेडाची बाजू जास्त झाली तं ती आपण टाकीत कमी धुऊन आवरू. सावलीतला तपशील कॅमेऱ्यातच पकडावा लागते, टाकीत तो कितीही धुतला तरी येत नाही. उजेडाची बाजू मात्र धुण्याच्या वेळेवर नाचते. आपल्याकडच्या उन्हात पॉकेट कॅमेरा वापरायचा तं हे पहिले समजून घे, बाकी ब्रँड वगैरे नंतर.

कापसाचं वेगळं सांगतो, कारण तुमच्याकडे तेच काढाल. वेचणीच्या वेळी उभी पऱ्हाटी, खाली काळी माती, वर पांढरी बोंडं, याच्यात सरासरी बऱ्यापैकी बरोबर येते. पण घरात किंवा जिनिंगमधे कापसाची गंजी भरून दिसून राहिली असन तं मीटर फसते, त्याला वाटते लय उजेड आहे, आणि कापूस राखेसारखा येते. तिथे डायल १०० वर घे, फोटो काढ, परत २०० वर आण. म्हैस किंवा काळा बैल फ्रेमभर असन तं उलटं होते, मीटर जास्त उजेड देते, पण त्याचं निगेटिव्ह काही मरत नाही, तसंच राहू दे. पोळ्याला बैलांच्या शिंगांना बेगड राहते, त्याचा चमका लेन्समधे घेऊ नको, एक पाऊल बाजूला सरक.

पिवळा फिल्टर मिळाला तं घे, ट्रिपला ४३.५ एमएम चा लागते. सेल त्याच रिंगच्या आत असल्याने फिल्टर सेलवरही येते आणि कॅमेरा स्वतःच हिशोब करते. पावसाळी ढग त्याच्याने उठून दिसतात. झाडीपट्टीतल्या नाटकाचे रातचे फोटो या कॅमेऱ्यात येणार नाहीत, लाल झेंडी दाखवते आणि बरोबरच करते. त्याच्यासाठी एफ १.८ वाला एसएलआर आणि १६०० ला पुश केलेली, म्हणजे १६०० ची समजून काढलेली आणि जास्त वेळ धुतलेली फिल्म, ते पुन्हा कधी.

फिल्म कोणती. एचपी५ प्लस, ट्राय-एक्स, केंटमेअर ४००, फोमापॅन ४००, जी मिळन ती. केंटमेअर इल्फर्डवाल्यांच्याच कारखान्यात बनते आणि स्वस्त पडते, नवशिक्याला मी तेच सांगतो. फक्त एकच फिल्म धरून राहा, दर रोलला नवीन ब्रँड आणला तं चूक कॅमेऱ्याची का पाण्याची का फिल्मची कधीच कळत नाही. एक्सपी२ नावाची इल्फर्डची फिल्म दिसन, ती ब्लॅक अँड व्हाइट असूनही सी-४१ वाली आहे, ती घेऊ नको. आणि कोणी जुना इंदू रोल विकून राहिला तं आठवण म्हणून घे. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्समधून १९६७ पासून तो माल निघत होता, आमच्या पिढीने त्याच्यावरच हात बसवला, पण कंपनी केव्हाची बंद झाली आणि इतक्या वर्षांचा रोल आपल्या गरमीत धुकट होऊन गेलेला राहते. नवीन रोल फ्रिजमधे ठेव, काढल्यावर दोन-तीन तास बंद डबीतच राहू दे, नाही तं घाम सुटते. फटफटीच्या डिकीत मे महिन्यात रोल ठेवायचा नाही. एवढं केलं तं पुरे.

रोल भरताना सावलीत भर, उन्हात असशील तं पाठ उन्हाकडे कर. पुढचा फोटो ओढताना डाव्या हाताची रिवाइंडची कळ फिरते का पाह्य. फिरत नसन तं फिल्म आत अडकलेलीच नाही, तू नुसता हवेत फोटो काढून राहिला. ट्रिपमधे रोल संपला का खालचं बटण दाबून हाताने गुंडाळायचा, आणि फिल्मची जीभ, म्हणजे पुढचं टोक, थोडी बाहेर राहू द्यायची, घरी काढायला सोपं पडते. पूर्ण आत गेली तं घाबरू नको, अंधारात सोड्याच्या बाटलीच्या ओपनरने डबीचं झाकण उचकटते.

आता औषधं. आपल्याकडे स्टुडिओवाले डेव्हलपर (चित्र उमटवते) आणि हायपो (ते पक्कं करते, त्यालाच फिक्सर म्हणतात) म्हणतात, तेवढंच लागते. डी-७६ हा डेव्हलपर कोडॅकने १९२७ मधे काढला, अजूनही त्याच्यापुढे काही नवशिक्याने वापरायची गरज नाही. तयार पाकीट मिळालं तं उत्तम. नाही मिळालं तं जिल्ह्याच्या गावी शाळा-कॉलेजच्या लॅबला माल देणारं दुकान राहते तिथे विचार. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स म्हणजे टाकणखार २ ग्रॅम. ५० अंशाचं पाऊण लिटर पाणी घे, चिमूटभर सल्फाइट टाक, मंग मेटॉल पूर्ण विरघळव, मंग उरलेलं सल्फाइट, मंग हायड्रोक्विनोन, शेवटी बोरॅक्स, आणि पाणी टाकून एक लिटर कर. हा क्रम मोडू नको, सल्फाइट आधी सगळं टाकलं तं मेटॉल विरघळत नाही. किराणा दुकानाचा काटा चालत नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा पाहिजे. सोडियम सल्फाइट आणि सल्फेट वेगळे आहेत, दुकानदाराच्या हातून चुकू शकते, डबीवरचं नाव स्वतः वाच.

मेटॉल मिळतच नसन तं काही जण कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी चं कॅफेनॉल करतात. होते, खरंच निगेटिव्ह येते. पण पहिल्या रोलला नको, कारण आपल्याकडच्या पुष्कळ इन्स्टंट कॉफीत चिकोरी मिसळलेली राहते आणि हिशोब दर पाकिटाला बदलते. वासही असा का घरातले दुसऱ्यांदा करू देणार नाहीत.

फिक्सरसाठी हायपोचे खडे, २५० ग्रॅम आणि १५ ग्रॅम सल्फाइट, एक लिटर पाण्यात. स्टॉप बाथ, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवायला, साधं पाणी चालते, किंवा पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी तीन भाग. टाकी पॅटरसनची दोन रिळांची (रीळ म्हणजे फिल्म गुंडाळायची चकती) घे, एका रिळाची नको, कारण खाली सांगतो. औषधांच्या बाटल्या पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या ठेवायच्या नाहीत, घरात लहान लेकरं राहतात. ठेवल्याच तं लाल पट्टी चिकटवून, मोठ्या अक्षरात विष लिहून, वरच्या फळीवर. मेटॉलने काहींच्या हाताला खाज सुटते, हातमोजे घाल.

आता तापमान, ज्याच्यासाठी हे सगळं लिहून राहिलो. २० अंश हा काही देवाचा आकडा नाही. थंड मुलखात घरात सहज मिळते म्हणून तो पडला. आपल्याकडे मे महिन्यात लोक बर्फ आणतात, डेव्हलपर मरमर करून २० वर नेतात, आणि मंग हायपो ३३ वर आणि धुवायला नळाचं ३५ चं पाणी. फिल्मला त्रास होते तो या उड्यांचा. फिल्मवरचा थर जिलेटिनचा, ते थंडात आकसते, गरमात फुगते, आणि या ओढाताणीत दाणा जाड होते, जास्तच झालं तं सुरकुत्यांची जाळी पडते. त्याच्यापेक्षा डेव्हलपर, स्टॉप, हायपो, धुवायचं पाणी, सगळं २७ वर ठेवलं तं निगेटिव्ह स्वच्छ येते. सगळं एकाच तापमानावर, एक-दोन अंशाच्या आत, आणि ते तापमान किती आहे हे माहीत पाहिजे. तापाचं थर्मामीटर चालत नाही, ते ३५ पासूनच सुरू होते, त्याच लॅबच्या दुकानातून काचेचं घे.

गरम डेव्हलपर लवकर काम करते. मोघम हिशोब असा का दर अंशाला वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी. एचपी५ प्लस डी-७६ मधे, एक भाग औषध एक भाग पाणी, २० अंशाला १३ मिनिटं. २४ ला ९ च्या आसपास, २७ ला साडेसहा. अमिश्रित औषधात २० अंशालाच साडेसात मिनिटं आहेत, ती २८ ला साडेतीनच्याही खाली जातात, आणि पाच मिनिटांच्या खाली गेलं का डेव्हलपर ओतता ओतताच फरक पडते, आभाळात पट्टे दिसतात. म्हणून उन्हाळ्यात औषध पातळ कर. एक भाग औषध तीन भाग पाणी केलं तं २० अंशाला २० मिनिटं, म्हणजे २८ ला साडेआठ-नऊ. आरामात काम होते. फक्त औषध कमी पडायला नको. एका ३५ एमएम रोलला टाकीत २९० मिली लागतात, त्याच्यात एकास तीनने औषध फक्त ७२ मिली येते, ते एका रोलला अपुरं. म्हणून दोन रिळांची टाकी, खाली फिल्मचं रीळ, वर रिकामं रीळ, आणि ५८० मिली भरून टाक, औषध १४५ मिली होते. वापरून झालेलं फेकून द्यायचं, पुन्हा नाही वापरायचं. केंटमेअर किंवा फोमा असन तं २० अंशाचा आकडा त्या पाकिटावरचा किंवा कंपनीच्या तक्त्यातला घे आणि मंग हीच घट लाव. हे सुरुवातीचे आकडे आहेत, दोन रोलनंतर तुझे स्वतःचे आकडे वहीत येतील आणि मंग तेच खरे.

आता २७-२८ कसं मिळवायचं. एप्रिल-मे मधे हवा कोरडी राहते तेव्हा माठ जबरदस्त काम करते, बाहेर ४४-४५ असलं तरी नवीन झिरपणाऱ्या माठात पाणी पंचविशीच्या आसपास येते. औषध मिसळायचं पाणी तिथून घे. दुसरी गोष्ट कूलर. संध्याकाळपासून चालू असलेल्या डेझर्ट कूलरच्या टाकीतलं पाणी माठासारखंच थंड झालेलं राहते, कारण दोन्हीकडे बाष्पीभवनच. ते घाण राहते, औषधात टाकू नको, पण एका घमेल्यात ते पाणी काढून त्याच्यात डेव्हलपर, स्टॉप, हायपोच्या बाटल्या आणि धुवायच्या पाण्याची बादली अर्धा-पाऊण तास उभी ठेव, सगळं एका पातळीवर येते. कूलर बंद करून पाणी काढ, पंपाची वायर पाण्यात राहते. बर्फ टाकायचाच तं पिशवीत बांधून घमेल्यात, औषधात कधीच नाही. आणि हायपोचे खडे विरघळताना पाणी स्वतः थंड होते, चांगलंच होते, म्हणून ते कोमट पाण्यात विरघळव, पण उन्हाळ्यात रोल धुवायच्या आधीच बनवलं तं ती थंडाई फुकट मिळते.

श्रावणात माठ उपयोगाचा नाही. हवा ओली राहते, झिरपलेलं पाणी उडतच नाही, माठ आणि नळ सारखेच. पण तेव्हा नळच २७-२८ ला राहते, तं काहीच करायची गरज नाही, सगळं तसंच घे. डिसेंबरात उलटं, सकाळचं पाणी १५-१६ ला येते आणि थंडीत हायड्रोक्विनोन आळशी होते, थोडं तापवून २०-२२ कर. तीसच्या वर मी रोल धूत नाही. जुन्या पुस्तकांत त्याच्यासाठी डेव्हलपरमधे सोडियम सल्फेट आणि स्टॉपमधे क्रोम अॅलम सांगितलेलं राहते, जिलेटिन फुगू नये म्हणून, ते चालतेही, पण त्याच्यापेक्षा रात्री अकराला बस, पाणीही उतरलेलं राहते आणि अंधारही राहते.

रीळ भरायची सवय आधी एका वाया गेलेल्या फिल्मवर उजेडात कर, मंग डोळे मिटून, मंग खऱ्या अंधारात. फिल्मच्या तोंडाचे दोन्ही कोपरे कात्रीने थोडे गोल काप. रीळ पूर्ण सुकं पाहिजे. पावसाळ्यात चेंजिंग बॅगमधे हाताला घाम येते आणि फिल्म अर्ध्यात अडकते. अडकली तं ओढू नको, टाकीत सगळं ठेवून झाकण लाव, हात पुसून ये, दहा मिनिटं थांब.

हलवणं म्हणजे पहिले ३० सेकंद सतत उलटसुलट, नंतर दर मिनिटाला १० सेकंद, प्रत्येक वेळी शेवटी टाकी ओट्यावर टकटक आपटायची, बुडबुडे निघतात. गरम डेव्हलपरमधे जोशात हलवशील तं कॉन्ट्रास्ट वाढते, सावकाश. आणि आता वरची गोष्ट इथे जोडायची. भर उन्हात डायल २०० वर ठेवून काढलेला ४०० चा रोल असन तं काढलेल्या वेळेतून आणखी पंधरा-वीस टक्के कमी कर, २४ ला ९ मिनिटांऐवजी साडेसात. ढगाळ दिवसाचा किंवा घरातला रोल असन तं तो डायल ४०० वर ठेवूनच काढ आणि वेळ पूर्ण दे. म्हणून एका रोलमधे ऊन आणि पाऊस मिसळू नको, जमेल तितकं. केबी१० च्या रोललाही उन्हात हीच कपात.

हायपोला किती वेळ, हे मिनिटात सांगत नाही. कापलेल्या जिभेचा तुकडा उजेडात हायपोत टाक, दुधाळपणा जाऊन पारदर्शक व्हायला जितका वेळ लागते त्याच्या दुप्पट रोलला द्यायचा. तोच तुकड्याचा वेळ पहिल्या दिवसापेक्षा दुप्पट झाला का ती हायपो संपली. तिच्यात चांदी उतरलेली राहते, विहिरीजवळ किंवा ढोरं पाणी पितात तिथे ओतायची नाही.

धुवायला नळाखाली अर्धा तास पाणी सोडायची गरज नाही, आपल्याकडे ते परवडणारही नाही. इल्फर्डची पद्धत वापर. टाकी भरून पाच वेळा उलटी कर, ओत. पुन्हा भर, दहा वेळा. पुन्हा भर, वीस वेळा. झालं, दोन लिटरही लागत नाही. ही पद्धत वर सांगितलेल्या साध्या हायपोला चालते, हार्डनर (जिलेटिन कडक करणारं औषध) टाकलेल्या फिक्सरला नाही. तुमच्याकडे तं पूर्णेचा खारपाणपट्टा, बोअरच्या पाण्याने सुकल्यावर फिल्मवर पांढरे डाग पडतातच, मंग ते स्कॅनमधे आभाळात दिसतात. औषध मिसळायला आणि शेवटच्या पाण्याला आरओच्या जारचं पाणी वापर. त्या शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंटचा (याच्याने पाणी थेंब न धरता सरकून जाते) एक थेंब, नसन तं भांड्याच्या लिक्विडचा अर्धा थेंब, फेस व्हायला नको.

वाळवताना कूलर आणि पंखा दोन्ही बंद, म्हणून पण रात्रच बरी. न्हाणीत आधी बादलीभर पाणी भिंतींवर मार, धूळ खाली बसते, मंग तारेला फिल्म लटकव, खाली कपड्यांचे दोन चिमटे वजनाला. ओल्या फिल्मला बोट लावायचं नाही, गरमीच्या दिवसांत जिलेटिन मऊ राहते, नखाची रेघ कायमची. वाळली का सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या काप आणि बटर पेपरच्या पाकिटात ठेव. मोबाइलने उतरवायची तं पांढऱ्या स्क्रीनवर सरळ ठेवू नको, स्क्रीनचे ठिपके येतात. बोर्ड बनवणाऱ्याकडून दुधी अॅक्रिलिकचा तुकडा आण, तो स्क्रीनच्या दोन-तीन इंच वर धर आणि त्याच्यावर पट्टी.

पहिला रोल आला का फ्रेमच्या आधी कडा पाह्य. कडेवर फिल्मचं नाव आणि नंबर कंपनीनेच उमटवलेले राहतात, त्यांचा तुझ्या कॅमेऱ्याशी संबंध नाही, फक्त तुझ्या धुण्याशी आहे. अक्षरं ठसठशीत काळी आणि फ्रेम फिक्या, म्हणजे धुणं बरोबर, कॅमेऱ्याने उजेड कमी घेतला. अक्षरंही फिकी तं डेव्हलपर कमजोर किंवा वेळ कमी. अक्षरं बरोबर आणि फ्रेम कोळशासारख्या तं उजेड जास्त झाला, केबी१० मधे ४०० टाकली असशील. अक्षरं बरोबर आणि बाकी पट्टी पार कोरी तं रोल पुढे सरकलाच नाही, रिवाइंडची कळ पाहिली नसशील. अक्षरंच नाहीत, सगळंच काचेसारखं स्वच्छ, तं डेव्हलपरच्या आधी हायपो गेली. पट्टी दुधाळ दिसली तं घाबरू नको, हायपो कमी झाली, परत हायपोत टाक आणि परत धू, उजेडात केलं तरी चालते.